कंट्रोल-सी दाबल्यावर आत नेमकं काय घडतं? लिनक्समधील सिग्नलचा प्रवास



संगणक कक्षात एक वाक्य रोज ऐकू येतं. "बाई, अडकला! बंद करू का?" आणि उत्तर मिळायच्या आत मुलाचं बोट पॉवरच्या बटणावर गेलेलं असतं. घरी मोबाईलवरही तेच चालतं. अ‍ॅप हललं नाही की 'फोर्स स्टॉप'. पण 'बंद करणं' ही एकच क्रिया नाही. प्रोग्रामला "आवरून घे" असं सांगणं वेगळं आणि त्याला काही न विचारता उचलून बाहेर काढणं वेगळं. पहिल्या प्रकारात मुलाने लिहिलेला निबंध वाचू शकतो, दुसऱ्यात तो जातो. हा फरक संगणकाच्या आत कसा घडतो ते आज पाहू. उदाहरण लिनक्सचं घेते, कारण अनेक शाळांच्या जुन्या संगणकांवर उबंटूसारखी लिनक्स प्रणाली असते आणि आपल्या अँड्रॉइड मोबाईलच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस. प्रत्येक प्रोसेसला एक क्रमांक असतो, आपल्या हजेरी क्रमांकासारखा. आणि कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. लिनस टोर्वाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा कर्नल जगासमोर आणला. फाइल, कीबोर्ड, पडदा, मेमरी या सगळ्यांचा ताबा कर्नलकडे असतो.

शाळेचं उदाहरण घ्या. प्रोसेस म्हणजे आपल्या वर्गात गणित सोडवत बसलेला विद्यार्थी आणि कर्नल म्हणजे ऑफिस. विद्यार्थ्याला खडू हवा, कागद हवा, घरी फोन करायचा, काहीही असो, त्याला ऑफिसात यावं लागतं. काम झालं की तो वर्गात परततो. हे 'ऑफिसात येणं आणि परतणं' नीट ध्यानात ठेवा, सिग्नलची सगळी गंमत त्या परतीच्या दारात आहे.

सिग्नल म्हणजे फक्त एक आकडा

सिग्नल म्हणजे लांबलचक निरोप नव्हे. तो निव्वळ एक क्रमांक आहे. नेहमीचे सिग्नल १ ते ३१. त्यापुढे ६४ पर्यंत दुसऱ्या जातीचे आहेत, त्यांत आज शिरत नाही. आपल्या साध्या पीसीवर २ म्हणजे 'इंट', कीबोर्डवरून थांबवण्याचा इशारा. १५ म्हणजे 'टर्म', आवरून घे. ९ म्हणजे 'किल'. १९ म्हणजे 'स्टॉप', जागच्या जागी थांब, आणि १८ म्हणजे 'कंटिन्यू', पुन्हा चालू हो. ११ हा सिग्नल प्रोसेसने आपली नसलेली मेमरी चाळवली की खुद्द कर्नल पाठवतो.

हे सिग्नल पाठवण्याच्या आज्ञेचं नाव मात्र 'किल' आहे. मुलांना ते फार आवडतं, पण नाव फसवं आहे. 'किल' आज्ञा मारत नाही, सिग्नल पाठवते. नुसतं 'किल' आणि प्रोसेसचा क्रमांक दिला तर १५ जातो, म्हणजे सौम्य निरोप. 'किल -९' असं मुद्दाम लिहिलं तरच ९ जातो. आणि कोणीही कोणालाही पाठवू शकत नाही बरं का. सर्वसाधारणपणे आपण सुरू केलेल्या प्रोसेसलाच आपल्याला सिग्नल पाठवता येतो, इतरांच्या प्रोसेससाठी प्रशासकाचे अधिकार लागतात.

कळ दाबली, पुढे?

काळ्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, 'स्लीप ३००' ही आज्ञा दिली आहे असं समजा. (आज्ञा टाइप करताना अर्थातच इंग्रजी लहान लिपीत.) हा प्रोग्राम ३०० सेकंद नुसता झोपतो. आता कंट्रोल धरून सी दाबा.

'स्लीप'ला कळ दाबल्याचं काहीही कळत नाही. कंट्रोल-सी चं रूपांतर ३ या संकेतांकाच्या एका अक्षरात होतं. ते अक्षर कर्नलमधल्या टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाकडे येतं. हा भाग म्हणजे दारावरचे शिपाईकाका. साधं अक्षर आलं तर ते आत जाऊ देतात, पण ३ आलं की ते अडवतात, कारण त्यांना ठाऊक असतं की हे अक्षर प्रोग्रामला वाचायला नाही, ही थांबण्याची खूण आहे. मग ते पाहतात की या खिडकीत सध्या पुढे कोणता गट काम करतोय. त्या गटातल्या सगळ्या प्रोसेसना सिग्नल २ जातो. गटाला जातो, एकट्याला नाही, म्हणूनच एकमेकांना जोडून चालवलेल्या तीन आज्ञा एकाच कंट्रोल-सी ने थांबतात.

आता कर्नल सिग्नल 'पाठवतो' म्हणजे काय करतो? प्रोसेसच्या खांद्यावर हात ठेवून हलवतो का? नाही. तो फक्त नोंद करतो. कर्नलकडे प्रत्येक प्रोसेसच्या नावे एक नोंदपान असतं. त्यावर ६४ चौकटी आहेत असं समजा. सिग्नल २ आला की दुसऱ्या चौकटीत खूण होते. याला म्हणतात सिग्नल प्रलंबित आहे. त्याच वेळी त्या प्रोसेसवर एक छोटी झेंडी लावली जाते की 'हिच्या नावे काहीतरी आहे, बघून घ्या'. प्रोसेस झोपलेली असेल तर तिला जागं केलं जातं. संगणकात एकापेक्षा जास्त कोअर असतील आणि प्रोसेस दुसऱ्याच कोअरवर पळत असेल, तर त्या कोअरला टोचणी दिली जाते.

चौकटीत खूण असते, संख्या नसते. ही गोष्ट महत्त्वाची आहे. तोच सिग्नल पोहोचायच्या आत पुन्हा तीन वेळा पाठवला तरी खूण एकच राहते. मुलगा वैतागून कंट्रोल-सी दहा वेळा दाबतो तेव्हा दहा निरोप साठतीलच असं नाही.

हे डोळ्यांनी पाहता येतं. एका खिडकीत 'स्लीप ३००' सुरू करा आणि कंट्रोल-झेड दाबा. प्रोसेस मरत नाही, गोठते. दुसऱ्या खिडकीत 'पीजीरेप स्लीप' या आज्ञेने तिचा क्रमांक काढा आणि त्याला 'किल' पाठवा, म्हणजे सिग्नल १५. काहीच होणार नाही! गोठलेला विद्यार्थी दारापर्यंत येतच नाही, मग निरोप देणार कसा? आता 'प्रॉक' या फोल्डरमध्ये त्या क्रमांकाच्या नावाचं फोल्डर असतं, त्यातली 'स्टेटस' ही फाइल उघडून 'एसएचडी-पीएनडी' अशा नावाची ओळ शोधा. ती अशी दिसेल : ००००००००००००४०००. संख्या सोळाच्या पायातली आहे. प्रत्येक अंक चार चौकटी सांभाळतो. उजवीकडचे तीन शून्य म्हणजे पहिल्या १२ चौकटी रिकाम्या. चौथा अंक १३ ते १६ या चौकटींचा. त्यात १ असता तर तेरावी, २ असता तर चौदावी, ४ आहे म्हणजे पंधरावी. स्थानिक किंमत शिकवताना सातवी-आठवीच्या मुलांना याहून चांगलं उदाहरण क्वचित मिळेल. आणखी दोनदा 'किल' पाठवून बघा, आकडा तसाच राहतो. मग पहिल्या खिडकीत 'एफजी' लिहा. प्रोसेस जागी होते आणि त्याच क्षणी साठवलेला १५ तिला गाठतो.

निरोप कधी मिळतो?

झेंडी लागली, पण निरोप हातात केव्हा पडतो? उत्तर : प्रोसेस ऑफिसातून वर्गात परतताना, अगदी दारात. कर्नलमधून बाहेर पडून स्वतःच्या कामाकडे वळण्याआधी कर्नल झेंडी पाहतो. असेल तर नोंदपान उघडतो आणि एकेक खूण काढतो. ११ सारखे प्रोसेसच्या स्वतःच्या चुकीतून उद्भवलेले सिग्नल आधी, मग साधारणपणे लहान क्रमांकाचे.

एखादा हुशार पालक लगेच विचारेल, "प्रोसेस कधी ऑफिसात गेलीच नाही तर? नुसती गणितंच करत बसली तर?" चांगला प्रश्न आहे. त्यासाठी घंटा आहे. संगणकातला टायमर सेकंदाला शेकडो वेळा वाजतो आणि दर वेळी प्रोसेसच्या हातातलं काम थांबून ताबा कर्नलकडे जातो. परतताना पुन्हा तेच दार. म्हणून अनंत फेऱ्यांत अडकलेला प्रोग्रामसुद्धा सिग्नलपासून सुटत नाही.

दारात तीन शक्यता असतात. प्रोसेसने आधीच सांगून ठेवलं असेल की हा सिग्नल दुर्लक्षित करा, तर प्रश्न मिटला. काहीच सांगितलं नसेल तर कर्नलचा ठरलेला नियम लागू होतो. २ आणि १५ साठी तो नियम आहे 'संपव'. आपला बिचारा 'स्लीप' असाच संपतो. तिसरी शक्यता म्हणजे प्रोसेसने सांगितलेलं असतं, 'हा सिग्नल आला तर माझं अमुक काम चालवा'. त्या कामाला हँडलर म्हणतात. 'पिंग' ही आज्ञा चालवून कंट्रोल-सी दाबा. ती जाता जाता किती निरोप गेले, किती परत आले याचा हिशोब छापते. तो हिशोब त्या हँडलरमुळेच.

याशिवाय प्रोसेस काही काळ 'परीक्षा चालू आहे, आत येऊ नये' अशी पाटीही लावू शकते. मग त्या सिग्नलची खूण चौकटीत थांबून राहते आणि पाटी काढली की मिळते.

हातचे सांभाळणारा कर्नल

हँडलर चालवणं दिसतं तितकं सोपं नाही. मला स्वतःला या सगळ्या प्रवासातला हाच टप्पा सर्वांत आवडतो.

विद्यार्थी ३४७ गुणिले २८ करतोय. आठ साती छप्पन्न, ६ मांडले, हातचे ५. नेमकं याच क्षणी त्याला सूचना वाचायला लावायची आहे आणि नंतर त्याने गणित जिथे सोडलं तिथूनच पुढे न्यायचं आहे. हातचे ५ विसरले तर उत्तर चुकलंच! प्रोसेसचे हातचे प्रोसेसरच्या रजिस्टरांमध्ये असतात. रजिस्टर म्हणजे आकडे धरून ठेवणारे छोटे कप्पे. त्यातच 'पुढची ओळ कोणती' हा आकडाही असतो.

कर्नल या सगळ्या कप्प्यांची नक्कल करतो आणि ती प्रोसेसच्याच स्टॅकवर, म्हणजे तिच्या कच्च्या वहीच्या कोऱ्या भागात लिहून ठेवतो. मग 'पुढची ओळ' हा आकडा बदलून तिथे हँडलरचा पत्ता घालतो. आता प्रोसेसला दाराबाहेर सोडलं की ती गुणाकाराकडे न जाता थेट हँडलरमध्ये जाते. तिला हे वळण कळतही नाही.

पण हँडलर संपल्यावर ती परत कशी येणार? त्याची सोय कर्नलने आधीच केलेली असते. हँडलर संपला की जिथे परतायचं, त्या जागी एका अगदी छोट्या तुकड्याचा पत्ता ठेवलेला असतो. तो तुकडा एकच काम करतो, पुन्हा ऑफिसात येऊन म्हणतो, 'सूचना वाचून झाली'. या हाकेचं नाव 'सिगरिटर्न'. मग कर्नल वहीतली नक्कल वाचतो, सगळे कप्पे जसेच्या तसे भरतो आणि प्रोसेस गुणाकारात हातचे ५ धरून पुढे निघते.

अर्थात एक धोका उरतो. प्रोसेस साठा नोंदवही अर्धवट लिहित असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही तीच नोंदवही उघडली, तर गोंधळ होईल. म्हणून जाणते प्रोग्रामर हँडलरमध्ये मोठं काम करत नाहीत. 'सिग्नल आला होता' एवढी खूण ठेवतात आणि खरं आवरण्याचं काम नंतर शांतपणे करतात.

१५ आणि ९ : निबंध वाचतो की जातो

आता मूळ मुद्द्यावर येऊ. ९ आणि १९ या दोन सिग्नलना हँडलर लावता येत नाही, दुर्लक्ष करता येत नाही आणि पाटीही लावता येत नाही. ९ आला की कर्नल प्रोसेसला दारातून बाहेर सोडतच नाही. वर्गात परतून वही मिटायलासुद्धा वेळ नाही. तिची मेमरी काढून घेतली जाते, उघड्या फाइली कर्नल बंद करतो. फाइली बंद होतात, पण प्रोसेसच्या मनात असलेला आणि अजून फाइलीत न उतरलेला मजकूर गेला तो गेला.

'नॅनो' नावाचा साधा संपादक घेऊन हे मुलांना दाखवता येतं. 'निबंध' नावाची फाइल त्यात उघडा, चार ओळी लिहा, जतन करू नका. दुसऱ्या खिडकीतून त्याला १५ पाठवा. नॅनो बंद होतो, पण जाता जाता मजकूर त्याच नावापुढे 'सेव्ह' अशी शेपटी लावून वेगळ्या फाइलीत टाकतो. ती उघडली की चारही ओळी सापडतात. आता हेच पुन्हा करा आणि १५ ऐवजी ९ पाठवा. शोधा कुठे शोधायचं ते! प्रत्येक प्रोग्राम नॅनोइतका समजूतदार नसतो हे खरं, पण १५ ने त्याला संधी तरी मिळते. म्हणून आमच्या कक्षात क्रम ठरलेला आहे : आधी कंट्रोल-सी किंवा खिडकीची फुली, मग १५, थोडं थांबायचं, आणि तरीही हलत नसेल तर ९.

संगणक रीतसर बंद करताना आजच्या बहुतेक लिनक्स प्रणाली हेच करतात. 'सिस्टमडी' नावाची व्यवस्था चालू सेवांना आधी १५ पाठवते, वाट पाहते आणि मग न आवरलेल्यांना ९. कधी कधी पडद्यावर 'अ स्टॉप जॉब इज रनिंग' असं येऊन दीड मिनिटाची मोजणी सुरू होते ना, ती हीच वाट. मूळ मांडणीत ही मुदत ९० सेकंदांची आहे. शाळा सुटायच्या घाईत लोक नेमकं याच वेळी बटण दाबून धरतात किंवा प्लग काढतात. तो सिग्नलच नव्हे, ती वीज गेली. तिथे कर्नललाही आवरायला वेळ मिळत नाही, मग प्रोसेसची काय कथा.

मोबाईलवर 'फोर्स स्टॉप' म्हणजे आपला ९ च. मेमरी कमी पडली की अँड्रॉइड मागे पडलेल्या अ‍ॅप्सना काढतो तेही ९ ने. आणि 'अ‍ॅप प्रतिसाद देत नाही' अशी पाटी येते तेव्हा पडद्याआड अँड्रॉइड त्या अ‍ॅपला सिग्नल ३ पाठवतो. तो मारण्यासाठी नसतो. अ‍ॅप नेमकं कुठे अडकलंय याची टिपणी लिहून घेण्यासाठी असतो.

९ सुद्धा चालत नाही तेव्हा

९ म्हणजे ब्रह्मास्त्र असा समज आहे. तसं नाही. पेन ड्राइव्हवर मोठी फाइल उतरवताना कधी कधी प्रोसेस कर्नलच्या आत, उपकरणाची वाट पाहत अशी झोपते की तिला मधेच उठवता येत नाही. 'पीएस' आज्ञेच्या यादीत अशा प्रोसेससमोर 'डी' अक्षर दिसतं. तिला ९ पाठवला तर चौकटीत खूण होते, पण ती दारापर्यंत पोचत नाही तोवर उपयोग शून्य. हा आळशीपणा नाही. उपकरणाशी अर्धवट व्यवहार सोडून ती निघाली तर कर्नलच्याच नोंदी विस्कटतील. २००८ मध्ये आलेल्या २.६.२५ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये मधला मार्गही आहे : इतर सिग्नलना उठायचं नाही, पण मारणारा सिग्नल आला तर उठायचं. तो सगळीकडे वापरता येत नाही. म्हणून पेन ड्राइव्ह काढताना 'सुरक्षित काढा' म्हणून थांबायचं, ते अडकलं म्हणून ९ मारत बसायचं नाही. उपकरणाचं काम संपलं की प्रोसेस आपोआप मोकळी होते.

दुसरा प्रकार मुलांना फारच आवडतो, झोम्बी. यादीत 'झेड' अक्षर असलेली प्रोसेस. ती आधीच मेलेली असते. तिची मेमरी गेलेली, फाइली बंद झालेल्या, उरलेली असते फक्त हजेरीपटावरची ओळ. ती ओळ का ठेवतात? तर तिला जन्म देणाऱ्या पालक प्रोसेसने 'कशी संपली' हे विचारावं म्हणून. मूल संपलं की पालकाला सिग्नल १७ जातो. पालकाने निकाल उचलला की ओळ खोडली जाते. पालकाने लक्षच दिलं नाही तर झोम्बी तशीच राहते आणि तिला ९ पाठवून काही होत नाही, कारण दारातून परतायला आता कोणी उरलेलंच नाही. पालकच संपला, तर बहुतेक वेळा क्रमांक १ ची प्रोसेस त्या अनाथ नोंदी दत्तक घेते, निकाल उचलते आणि ओळ पुसते.